ग म भ न आधी, अ आ इ ई नंतर का?

प्रश्न : आमची नात साडेचार वर्षांची आहे, बालवाडीत जाते. पहिले काही आठवडे बाईंनी तिच्याकडून नुसत्या उभ्या-आडव्या रेघा, अर्धगोल आणि वाटोळं एवढंच काढून घेतलं. आता अक्षरं सुरू झाली, तर पहिलं अक्षर ग! मग म, भ, न. आमच्या वेळी गुरुजी हात धरून अ गिरवून घ्यायचे. वर्णमाला अ पासून आणि लिहिणं ग पासून, हे कसं काय? नात घरी आली की स्वतःहून पाटीवर ‘आई’ लिहायला बघते. ते वाकडंतिकडं होतं. ते लिहू द्यावं, की त्याने बाईंचा क्रम बिघडेल?
— एक आजोबा, गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आजोबा, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याच्या उत्तरासाठी नात खोळंबली असेल. तिला ‘आई’ लिहू द्या. वाकडं येऊ द्या, ई चा वरचा रफार भलतीकडे गेला तर जाऊ द्या. बाईंचा क्रम त्याने जराही बिघडत नाही. असं का म्हणते, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

वर्णमालेचा क्रम लिहिणाऱ्यांनी नव्हे, बोलणाऱ्यांनी लावलेला आहे. क ख ग घ सावकाश म्हणून बघा, आवाज घशापाशी अडतो. च छ ज झ ला जीभ टाळूला टेकते, ट ठ ड ढ ला तिचं टोक वर वळतं, त थ द ध ला ते दातांवर येतं आणि प फ ब भ ला ओठ मिटतात. घशापासून निघून ओळीओळीने ओठांपर्यंत यायचं, अशी ही मांडणी आहे. वेद पाठांतराने जपणाऱ्या लोकांनी तोंडातल्या ध्वनींचा इतका बारीक विचार करून ठेवला. इंग्रजीतल्या ए बी सी डी च्या क्रमामागे असं काही शास्त्र नाही. आपल्या वर्णमालेचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे. पण ते तोंडाचं शास्त्र आहे. हाताने लिहायची वेळ आली की हाच क्रम मुलाला फार जड जातो.

अ चंच बघा. म्हणायला त्याच्याइतकं सोपं काही नाही, तोंड उघडलं की अ. लिहायला मात्र आधी तीनच्या आकड्यासारखी दोन पोटं काढायची, मग मधून आडवी दांडी बाहेर आणायची, ती उभ्या दंडाला नेऊन भिडवायची आणि वरून शिरोरेषा ओढायची. दांडी दंडाला नेमकी भिडली पाहिजे, नाहीतर अक्षर दोन तुकड्यांत पडतं. पुढच्या इ ला एकामागून एक उलटसुलट वळणं आणि खाली शेपटी. ऋ बद्दल तर बोलायलाच नको. म्हणजे लेखणी धरायला नुकत्याच शिकलेल्या बोटांना आपण पहिल्याच दिवशी सगळ्यांत अवघड घाट चढायला लावत होतो.

आता ग, म, भ, न एकाखाली एक लिहून बघा. चारही अक्षरांच्या उजव्या अंगाला सरळ उभा दंड आहे. ग म्हणजे डावीकडे एक छोटा आकडा, उजवीकडे दंड आणि वर रेघ. म ला नवीन काय, तर खालची गाठ आणि तिथून दंडाकडे जाणारी आडवी रेघ. भ म्हणजे म च, फक्त त्याचं वरचं टोक वळवलेलं. न ला तीच गाठ थोडी वर सरकते. प्रत्येक नव्या अक्षरात शिकायची गोष्ट एखादीच, बाकी सगळं आधीच्या अक्षरातून हाताला ठाऊक झालेलं. नातीने आठवडेच्या आठवडे ज्या रेघा आणि अर्धगोल काढले, ते या अक्षरांचेच सुटे भाग होते. पुढे त ल, व ब क, प ष फ, र स ख, ट ठ ढ असे गट येतील. शाळेशाळेत ते थोडे इकडेतिकडे होतात, पण विचार तोच : सारख्या घडणीची अक्षरं एकत्र. शिवाय या चार अक्षरांतून काना-मात्रा न लावता मन, मग, नग, नभ, नमन, गगन असे शब्द लगेच तयार होतात. चारच अक्षरांवर मूल एक अख्खा शब्द लिहून वाचू शकतं. तुमच्या नातीच्या बाई विचार करून शिकवत आहेत.

मुलांच्या हाताला कोणता आकार कधी जमतो, याच्या नोंदी अमेरिकेत आर्नल्ड गेसेल यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात फार चिकाटीने केल्या. पुढच्या अभ्यासकांनाही साधारण तोच क्रम दिसला. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मूल बघून वाटोळं काढू लागतं, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, पाचच्या पुढे त्रिकोण. पत्त्यांतल्या चौकटीसारखा आकार सहा-सात वर्षांपर्यंत भल्याभल्यांना जमत नाही. तिरक्या रेघेला हाताला एकाच वेळी दोन दिशांचा हिशेब ठेवावा लागतो, म्हणून ती उशिरा येते. मनगटाची गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. तिथे आठ छोटी हाडं असतात आणि जन्माच्या वेळी ती सगळी मऊ कूर्चा असतात. त्यांचं एकेक करून हाड होत जातं, शेवटचं तयार व्हायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. लिहायचं वय नुसत्या हाडांवरून ठरत नाही, स्नायू आणि नजर यांचा मेळ जास्त महत्त्वाचा. पण चार वर्षांच्या मुलाला एका बैठकीत वहीचं पान भरायला लावणाऱ्याने तो हात एकदा आपल्या हातात घेऊन बघावा.

इथपर्यंत बाईंची बाजू झाली. आता तुमच्या नातीची.

ग म भ न चा क्रम हाताला सोयीचा आहे हे खरं, पण साडेचार वर्षांचं कोणतं मूल घरात ‘नभ’ किंवा ‘गगन’ म्हणतं? हे शब्द कवितेत भेटतात. मुलाच्या मनातले शब्द वेगळे असतात : आई, आपलं स्वतःचं नाव, बाबा, भूत, आईस्क्रीम, गल्लीतल्या कुत्र्याचं नाव. आणि मराठीत योग असा की मुलाला सगळ्यांत जवळचा शब्द दोन स्वरांचा बनलेला आहे, आ आणि ई, दोन्ही हाताला अवघड. हाताचा क्रम पाळत बसलं तर ‘आई’ ला कित्येक महिने थांबावं लागेल. नात थांबायला तयार नाही, आणि तिचं बरोबर आहे.

न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या शिक्षिका माओरी मुलांना शिकवत असत. छापील पुस्तकातली गुळगुळीत वाक्यं मुलांच्या डोक्यात राहत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. मग रोज सकाळी त्या प्रत्येक मुलाला विचारत, आज तुला कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द त्या जाड कागदाच्या पट्टीवर लिहून त्याला देत. मुलं मागत ते शब्द आईचे, बाबांचे, भुताचे, भीतीचे. एकदा बघितलेला असा शब्द मूल विसरत नसे. जो शब्द दुसऱ्या दिवशी ओळखता आला नाही, तो मुलाच्या जवळचा नव्हताच असं समजून त्या पट्टी काढून टाकत. १९६३ च्या ‘टीचर’ या पुस्तकात त्यांनी हे सगळं मांडलं आहे. तुमच्या नातीने न विचारता आपला शब्द निवडला आहे.

मारिया मॉन्टेसरींचा अनुभवही इथे सांगण्यासारखा आहे. रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी आपलं पहिलं बालगृह उघडलं. तिथली मुलं सँडपेपरच्या खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवत, त्या अक्षराचा आवाज म्हणत, आणि सुट्या अक्षरांनी जमिनीवर शब्द मांडत. लेखणीने शब्द लिहायला मात्र कोणी सांगितलेलं नव्हतं. डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर बसलेल्या पाचेक वर्षांच्या मुलाला मॉन्टेसरींनी खडू देऊन समोरचं धुराडं काढायला सांगितलं. त्याने ते फरशीवर काढलं आणि मग एकाएकी शब्दच लिहिला. इटालियन भाषेत ‘हात’ या अर्थाचा शब्द होता तो. पाठोपाठ धुराडं, पाठोपाठ छप्पर. त्याचा आरडाओरडा ऐकून बाकीची मुलं जमली, त्यांनीही खडू मागितले, आणि पुढचे कित्येक दिवस त्या घरात जमीन, भिंती, दारं, काहीच कोरं राहिलं नाही. यात हाताची तयारी होती आणि मुलाची स्वतःची ऊर्मीही होती. त्या मुलाला हात धरून कोणी लिहायला लावलं नव्हतं.

गिरवण्याबद्दल मी जरा ठामपणे बोलणार आहे. कित्ता गिरवणं आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की ते म्हणजेच लिहिणं असं आपण धरून चालतो. इंडियाना विद्यापीठातल्या करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाचता न येणाऱ्या लहान मुलांनी काही अक्षरं बघून आपल्या हाताने मोकळी काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर ती अक्षरं बघताना मुलांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा वाचनाच्या कामी येणारे भाग मोकळ्या हाताने लिहिलेल्या अक्षरांना ठळकपणे जागे झालेले दिसले, गिरवलेल्या किंवा दाबलेल्यांना तसे नाहीत. मोकळ्या हाताने लिहिताना दर वेळी अक्षर थोडं वेगळं येतं. एकदा पोट मोठं, एकदा दंड वाकडा. ग नेमका कशामुळे ग असतो, हे मुलाला त्या वाकड्या ग मधूनच कळत जातं. ठिपक्यांवरून गेलेला हात आकार न बघताही पार पोचतो. थोडं गिरवावं, वळण कळावं म्हणून. पानंच्या पानं गिरवून घेणं हा मुलाच्या वेळेचा नुसता अपव्यय आहे.

दसऱ्याच्या पाटीपूजनाला तुमच्या घरी एकाच्या आकड्यांची सरस्वती काढत असाल. चित्र काढता काढता आकडा येतो, आकडे मांडता मांडता चित्र होतं. लहान मुलाच्या दृष्टीने लिहिणं आणि चित्र काढणं यांत भिंत नसतेच. पाटीवर काढलेल्या घराखाली ती काहीतरी खरडेल आणि म्हणेल, हे आमचं घर. तेव्हा ती लिहीतच असते. थोडी अक्षरं आली की ती ‘मज घर’ लिहील, ‘बब गड’ लिहील, एखाद्या दिवशी रुसून ‘मल पन पहज’ लिहील. ते ‘मला पण पाहिजे’ आहे. मराठी वर्गांत हे नेहमी दिसतं : आधी व्यंजनांचा सांगाडा येतो, मग काना येतो, कारण तो अक्षराएवढाच उंच आणि ठसठशीत दिसतो. वेलांट्या आणि उकार मागून येतात. पहिली वेलांटी तर मुलांना फारच कोड्यात टाकते. ‘कि’ म्हणताना क आधी ऐकू येतो आणि वेलांटीची दांडी मात्र क च्या आधी उभी राहते. मूल चुकलं तर त्याने ऐकलं तसं लिहिलं एवढंच समजावं. चार्ल्स रीड या अमेरिकन भाषाभ्यासकाने १९७१ मध्ये दाखवलं की शाळेत न गेलेली मुलं स्वतःच्या मनाने जे स्पेलिंग करतात त्यात नियम असतो, ती ध्वनींचा चोख विचार करत असतात.

तेव्हा घरी एवढंच करा. नातीने ‘आई’ लिहिलं की ते मोठ्याने वाचा आणि तिच्या आईला दाखवायला लावा. अक्षराचं वळण त्या वेळी सुधारू नका, ते बाई ग म भ न मधून घडवत आहेतच. तिला हवा असेल तो शब्द तुम्ही जाड कागदावर ठळक लिहून द्या, तिने बघून काढावा. ती बोलते तसंच लिहू द्या. आपल्याकडचं पोर ‘काहून’ म्हणतं, तर ते ‘का’ लिहावं म्हणून आत्ताच टोकू नका, पुस्तकी मराठी पुढे आपसूक भेटते. आणि तुम्ही स्वतः लिहिताना तिला दिसा. किराण्याची यादी, पाहुण्यांचा निरोप, दुधाचा हिशेब. लिहिण्याने काम होतं हे मोठ्यांना बघूनच मुलांना समजतं.

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा, इंग्रजी माध्यमात सीनिअर केजीला आहे. ३ आणि ६ हमखास उलटे काढतो, कधी कधी सबंध नाव आरशात दिसावं तसं लिहितो. शेजारची मैत्रीण उर्दू शाळेत जाते, ती उजवीकडून लिहिते, तिचं बघून असं होत असेल का? तो डावखुराही आहे.
— एक आई, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मैत्रिणीचा यात काही दोष नाही, त्यांना एकत्र खेळू द्या.

३ आणि ६ बघा, एक दुसऱ्याचं प्रतिबिंब आहे. १ आणि ९ चंही जवळजवळ तसंच. मुलाचा मेंदू जन्मापासून शिकलेला असतो की वस्तू डावीकडे वळवली काय नि उजवीकडे काय, ती तीच राहते. कपाचा कान कोणत्याही बाजूला असला तरी कप तो कपच. अक्षरं आणि आकडे ही त्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटलेली अशी वस्तू आहे की जिची दिशा बदलली तर नाव बदलतं. हे उमगायला वेळ लागतो. सहा-सात वर्षांपर्यंत उलटी अक्षरं निघणं अगदी नेहमीचं आहे. सातच्या बरंच पुढेही ती कायम राहिली आणि वाचनही अडू लागलं, तर मात्र तज्ज्ञांना दाखवा.

आपल्या शहरात मुलांच्या नजरेला तीन लिप्या पडतात. शहागंज, सिटी चौकाकडून एक फेरी मारली तरी दुकानांच्या पाट्यांवर मराठी, इंग्रजी, उर्दू सगळं दिसतं. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९४८ च्या आधी शिकलेल्या मराठवाड्यातल्या कित्येक मराठी माणसांचा उर्दू लिहिण्यात हात बसलेला होता. दोन दिशांनी लिहिल्याने त्यांचं डोकं काही गोंधळलं नाही. गोंधळ होतो तो वहीमुळे. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं, उर्दूचं नस्तालिक वळण तिरकं खाली उतरत येतं. इंग्रजीची चौरेघी वही मराठीला वापरली की मुलाला कळेनासं होतं की अक्षर टेकवायचं कुठे. मराठीला दुरेघी वही द्या आणि वरच्या रेघेला अक्षर लटकवायचं, एवढं एकदा बोट ठेवून दाखवा. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर ओढायची. मोडीत उलट होतं, सगळ्या ओळीवर आधी रेघ आखून घेत आणि मग हात न उचलता खाली अक्षरं लिहीत. पण ती सवय कसलेल्या कारकुनांची होती, पाच वर्षांच्या मुलाला आधीच आखलेल्या रेघेखाली अक्षर बसवणं जड जातं.

डावा हात बदलायचा विचारही मनात आणू नका. कागद किंवा पाटी थोडी उजवीकडे कलती ठेवा, म्हणजे स्वतःच्या हाताआड लिहिलेलं झाकलं जाणार नाही. पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्या. शिरोरेषा त्याने उजवीकडून डावीकडे ओढली तरी अक्षराचं काही बिघडत नाही, डाव्या हाताला तीच ओढ सोपी पडते. वर्गात बाकाच्या डाव्या टोकाला त्याची जागा असावी, एवढं बाईंना सांगा, नाहीतर शेजाऱ्याचं कोपर दिवसभर लागत राहतं.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. पालक रोज म्हणतात, इंग्रजी शाळेत तीन वर्षांची पोरं वह्या भरतात, तुमच्याकडे नुसती खेळतात. त्यांना काय दाखवू?
— एक सेविका, पैठण तालुका

उत्तर : ताई, तुमच्या अंगणवाडीची सुरुवात ज्यांच्यापासून झाली, त्या ताराबाई मोडकांनाही पालकांचा हा संशय पेलावा लागला होता. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या महाराष्ट्रात आल्या आणि १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच वस्तीतल्या अंगणात न्यायची, ही त्यांची कल्पना. मॉन्टेसरींची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं, दगड यांतून साधनं केली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. म्हणजे चिंचोके मांडून अक्षर करणं हे परवडत नाही म्हणून केलेलं दुय्यम काम आहे, असं कोणालाही वाटू देऊ नका. चिंचोका दोन बोटांनी उचलून रेघेवर ठेवणं ही पेन्सिल धरण्याचीच तालीम आहे.

तुमच्याजवळ जे आहे त्यानेच पुष्कळ होतं. आखूड खडूचा तुकडा द्या, बोटभरही नको. तो मुठीत धरताच येत नाही, बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो. भिंतीचा खालचा भाग काळा रंगवून घ्या, मुलाच्या खांद्याच्या उंचीला. उभ्या भिंतीवर लिहिताना मनगट आपोआप नीट वळतं आणि खांद्यापासून हात फिरतो. परातीत बारीक वाळू किंवा राख घाला, बोटाने काढा आणि हलवून पुसा. पूर्वी पंतोजी धूळपाटीवर अक्षर शिकवत ते हेच. पुसलं जातं म्हणून मूल चुकायला घाबरत नाही. पाटीचा फायदाही तोच, शिवाय पाटीवर लेखणी खरखरते आणि त्या खरखरीतून हाताला आपण किती दाबतोय ते कळतं. गुळगुळीत कागद आणि बॉलपेन तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ नका.

अक्षरांबाबत एक सुचवते. नुसती व्यंजनं महिनोनमहिने शिकवत बसून बाराखडी फार पुढे ढकलली जाते, त्याने मुलाला हवे ते शब्द लिहिता येत नाहीत. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी थोडी अक्षरं आणि थोड्या स्वरखुणा एकत्र घेऊन गट केले, म्हणजे पहिल्याच गटापासून मुलांना खरे, बोलण्यातले शब्द मिळतात. काना लवकर द्या. काना आला की ‘मामा’ येतो, ‘नाना’ येतो, ‘गाना’ म्हणणारी पोरं आपल्या भागात असतातच, तेही लिहू द्या. ल आणि श शिकवताना आपला मराठी पाकळ्यांचा ल आणि देठाचा श घ्या. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात तेच ठरवले आहेत. मोबाईलवर वेगळ्या वळणाचा दिसला तर तोही ल च, एवढं सांगून पुढे जा.

आता पालकांचं. वही भरलेली दाखवण्यापेक्षा मूल कुठून कुठे आलं ते दाखवा. प्रत्येक मुलाची एक साधी फाईल ठेवा, जुन्या पुठ्ठ्याची चालेल. महिन्यातून दोनदा त्याला चित्र काढायला द्या, त्या चित्राबद्दल ते जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली तुम्ही लिहा. ‘मपली शेळी’ म्हणालं तर ‘मपली शेळी’ लिहा. वर तारीख टाका. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९७५ मध्ये लहान मुलांच्या अशाच खरडी गोळा करून दाखवलं होतं की मूल अक्षर येण्याआधीच ओळ, दिशा आणि पुन्हा पुन्हा येणारे आकार ओळखत असतं. पालक सभेला जूनचा कागद आणि डिसेंबरचा कागद शेजारी ठेवा. जूनमध्ये गोल गोल गुंता, डिसेंबरमध्ये डोळे-पाय असलेली शेळी आणि तिच्या पोटाखाली एक तिरपा ग. तो ग मुलाच्या आईला तुम्ही सांगू नका, मुलालाच बोट ठेवून सांगू द्या. आणि सभेत पालकांना एवढं विचारा की घरी त्याच्यासमोर शेवटचं कधी कोणी काही लिहिलं होतं. ज्या घरात उत्तर ‘आठवत नाही’ येईल, त्या घरी एक पाटी आणि दोन लेखण्या द्यायची सोय बघा. ग्रामपंचायतीत किंवा बचत गटात शब्द टाकला तर एवढ्याला कोणी नाही म्हणत नाही.